रिकामा व्होल्टेज

सकाळी सव्वासहा

रात्री दोनच्या सुमारास गडगडाट सुरू झाला आणि पहाटेपर्यंत पाऊस पडत राहिला. उठून मोबाइल बघितला तर मिस्ड कॉलची रांग लागलेली. मृगाचा पहिला चांगला पाऊस ही टेलिफोनवाल्याची सुगी. उन्हाळाभर तारांचे जोड कोरडे ठणठणीत असतात. नागपुरी उन्हात टेप सुटते, वायरचं प्लॅस्टिक तडकतं, तरी फोन वाजत राहतो. कोरडी हवा सगळी पापं झाकते. पाणी शिरलं की एकेक बाहेर येतं.

वही काढून एकेकाला उलट फोन लावतो. तक्रारींचे शब्द ठरलेले आहेत: ‘नेट रांगून राह्यलं’, ‘फोन मेला’, ‘डब्ब्यावर लाल दिवा लागला’, आणि सगळ्यात जास्त वेळा, ‘मॉडेम खराब झालं जी, येताना नवीनच घेऊन या.’ मी हो म्हणतो आणि मल्टिमीटर घेऊन निघतो.

३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून देशभरातले सुमारे ७८ हजार लोक एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेले. त्या गर्दीत मीही होतो. घरी बसून जमेना, म्हणून आता बुटीबोरी, टाकळघाट, बोरखेडी, रुईखैरी या पट्ट्यात घरांतली वायरिंग, मॉडेम आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांचे इंटरकॉम बघतो. भिंतीवरच्या रोझेटपर्यंतची तार ज्या कंपनीची, तिच्या माणसाची. तिथून आतली घरमालकाची, म्हणून माझी. दोष बाहेरचा निघाला तर आकडे चिठ्ठीवर लिहून देतो. ‘लाइन खराब’ अशा तक्रारीपेक्षा ‘रोझेटवर ३१ व्होल्ट, लोडवर ४’ अशी तक्रार लाइनमनला निम्मं काम करून देते.

पिशवीत मल्टिमीटर, जेलीचे कनेक्टर, दोन-चार स्प्लिटर, एक जुना पण चालू मॉडेम. आणि दोन वस्तू, ज्या बघून पोरं हसतात. एक सहाशे ओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिपा डकवलेल्या. दुसरा गाडीच्या इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब, त्यालाही दोन वायरी. दिवसभरातलं अर्धं निदान या दोन वस्तू करतात, मीटर नुसता आकडा दाखवतो.

आठ वाजता

चौकात तर्री-पोहे. तर्री आज मुद्दाम जास्त घेतली, कारण जेवणाचा भरवसा नाही.

बुटीबोरी नागपूरहून वर्धा रोडनं साधारण २८ किलोमीटर. हैदराबादकडे जाणारा ४४ नंबरचा महामार्ग इथून पुढे जातो आणि वर्धा-यवतमाळ करत तुळजापूरला जाणारा ३६१ इथूनच फुटतो. उमरेडची रेल्वे लाइनही इथंच वळते. गाव असं फाट्यावर असलं की रस्ता सतत कुठंतरी खोदलेला असतो: रुंदीकरण, नाली, पाण्याचा पाइप. जेसीबीच्या दातांना केबल आणि मूळ यांतला फरक कळत नाही. एका दातात शंभर जोड्या तुटतात आणि त्या रंगांच्या क्रमानं परत जुळवत बसायचं काम मी तरुणपणी खड्ड्यात उकिडवं बसून पुष्कळ केलं. आता ते माझ्याकडे नाही, याचा आनंद पोहे खाताना होतो.

साडेआठ

जुन्या वस्तीत गुरुजींचं घर. तांब्याच्या लाइनी आता थोड्या उरल्यात, बहुतेक घरांत फायबर आलं. गुरुजी मात्र जुना नंबर सोडायला तयार नाहीत. ‘माझे विद्यार्थी त्याच नंबरवर फोन करतात,’ हे त्यांचं कारण, आणि त्यावर कोण काय बोलणार?

तक्रार अशी: फोन पूर्ण बंद, डायल टोन नाही. नेट मात्र येतं, पण सारखं तुटतं. पुण्याच्या मुलानं आधी नवा फोन पाठवला, मग नवा मॉडेम. दोन्ही लावून झाले. परवा शेजारच्या इलेक्ट्रिशियननं मीटर लावून बघितला.

‘तो म्हणे ४७ व्होल्ट आहे, लाइन चांगली आहे. मग वाजत कावून नाही?’ गुरुजींचा सवाल.

सवाल रास्त आहे. रिसीव्हर खाली असताना टेलिफोनच्या दोन तारांत ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो. हा काही घरच्या मीटरमधून येत नाही. एक्स्चेंजमध्ये दोन-दोन व्होल्टचे २४ शिसे-आम्लाचे सेल ओळीनं जोडलेले असतात, त्यांची ही बेरीज. बॅटरी सतत चार्जिंगवर असल्यामुळे घरी ५० किंवा ५२ दिसलं तरी दचकू नये. एक्स्चेंजमध्ये जनरेटरही असतो, म्हणून गावाची लाइट गेली तरी फोन चालू राहायचा. गावातला ट्रान्सफॉर्मर उडाला की त्याची तक्रार करायला हाच फोन कामी यायचा.

रिसीव्हर उचलला की गोलाकार मार्ग पूर्ण होतो, वीस-तीस मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि फोनवरचा व्होल्टेज ४८ वरून सात ते दहावर येतो. एक्स्चेंज तो प्रवाह ओळखतं आणि डायल टोन देतं. व्होल्टेज असून उपयोग नाही, प्रवाह वाहायला हवा. डिजिटल मीटर लाइनमधून जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. त्यामुळे मधला जोड कुजून केसाएवढा चिकटलेला असला तरी मीटर ४७ दाखवतो. मांडवात काम सांगेपर्यंत सगळेच पाहुणे हजर असतात, तसा हा आकडा. याला मी रिकामा व्होल्टेज म्हणतो.

काम सांगून बघायचं म्हणजे रेझिस्टर लावायचा. हॉलमधल्या फोनच्या सॉकेटवर दोन क्लिपा लावल्या आणि त्यांच्यावरच मीटर धरला. ४७ चे थेट दोन झाले. लाइन धड असती तर आकडा बारा ते वीसच्या मधे कुठंतरी थांबला असता. मग जुन्या ओसरीवरच्या रोझेटवर गेलो. आतली वायर सोडवली, बाहेरून आलेल्या तारांवर तोच रेझिस्टर लावला: साडेपंधरा. म्हणजे बाहेरची लाइन ठणठणीत, दोष रोझेट आणि हॉलच्या मधे.

मधे काय? गुरुजींनी चार वर्षांपूर्वी पुढे हॉल काढला. गवंड्यानं वायर पुरली नाही म्हणून छज्ज्यावरून दुसरी जोडली. शिडी लावली. छज्ज्याच्या कोपऱ्यात पालापाचोळ्यात काळ्या टेपचा एक बोळा. टेप उलगडली तर आत पाणी. दोन तारा नुसत्या पिळून, एकमेकींना खेटून ठेवलेल्या. एक लालसर, धड. दुसरीवर हिरवा जंग, हात लावताच तीन तुकडे.

दोघींतली एकच कुजण्याला कारण आहे. एक्स्चेंजमध्ये बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडतात, त्यामुळे लाइन उणे ४८ वर राहते. हे मुद्दाम केलेलं आहे. ओल्या जागेत धन बाजूचं तांबं विरघळत जातं, ऋण बाजूचं टिकतं. जमिनीतल्या मैलोगणती केबलचं तांबं वाचावं म्हणून तार ऋण. पण जोडीतली दुसरी तार जमिनीच्याच पातळीला असते. दोघींना एका ओल्या टेपमध्ये गुंडाळलं की त्या दोघींपुरती ही दुसरी धन ठरते आणि तीच खाल्ली जाते. गवंड्यानं छज्ज्यावर बिनखर्चाचं मुलामा देण्याचं यंत्र बसवलं होतं.

आणि नेट कसं चालत होतं? ब्रॉडबँडचा सिग्नल डीसी नाही. साध्या एडीएसएलमध्ये तो सुमारे ११०० किलोहर्ट्झपर्यंत, एडीएसएल२+ मध्ये २२०० पर्यंत जातो. एवढ्या वारंवारतेला तुटलेल्या तारेची दोन टोकं जवळ असली तरी पुरतं, ती फट उडी मारून ओलांडते. बोलण्याच्या डीसीला अखंड धातू लागतो. म्हणून ‘फोन मेला, नेट चालू’ ऐकलं की मी मॉडेमकडे बघतसुद्धा नाही, एक तार तुटली आहे हे घरातूनच ठरवून निघतो. गुरुजींच्या मॉडेमच्या १९२.१६८.१.१ वरच्या पानावर एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटावरची सिग्नलची शिल्लक आघाडी, तीन डेसिबलवर लटकत होतं. सहाच्या खाली गेलं की तुटातुटी सुरू होते.

दोन्ही तारा चांगलं तांबं लागेपर्यंत मागे कापल्या. जेलीवाल्या कनेक्टरमध्ये घालून पक्कडीनं दाबल्या, दोन जोड एकमेकांपासून वीतभर लांब ठेवले. हॉलमध्ये लोडवर पंधरा. मार्जिन चौदावर गेलं. रिसीव्हर उचलून गुरुजींनी डायल टोन पूर्ण ऐकला, मग मला म्हणाले, ‘दोन मॉडेम, दोन फोन आणि गंज तिथंच!’ पैसे विचारले तेव्हा मी सांगितलेल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त दिले, वर चहा.

पावणेअकरा

एमआयडीसी. गेटवर पास, हेल्मेट, बूट, सही. बुटीबोरीच्या एमआयडीसीत सूत, टायर, विजेचे मनोरे असलं जड काम चालतं. आवारं एवढी मोठी की गेटपासून प्लांटपर्यंत इंटरकॉमशिवाय पान हलत नाही. बाहेरच्या जगात तांबं संपत आलं तरी इथं धरमकाट्यावर, सिक्युरिटीच्या खोलीत, बॉयलरजवळ अजून तेच जुने फोन. मोबाइलला पत्र्याच्या शेडमध्ये रेंज नसते आणि काही ठिकाणी मोबाइल न्यायला मनाई.

आजची तक्रार धरमकाट्याची. काट्यावरच्या माणसाला ऑफिसातला आवाज येतो, पण मागे ‘हूंऽऽ’ अशी घरघर. रांगेत ट्रक उभे, क्लीनर खाली उतरून बिड्या ओढताहेत.

इथं एक्स्चेंज कारखान्याचंच, ईपीएबीएक्स. त्यात एक्स्टेंशनला ४८ च्या जागी २४ व्होल्टच येतो. खात्यातून नवीन आलेला माणूस हा आकडा बघून लाइन अर्धी मेली असं समजतो. म्हणून आधी चालू एक्स्टेंशन मोजायचं, मग बंद पडलेलं. लोडवर आकडा बरोबर आला, म्हणजे तार तुटलेली नव्हती. मग एकेक तार जमिनीशी मोजली. एकीला जमिनीचा वास लागलेला, म्हणजे गळती.

टेलिफोनच्या दोन तारा पिळलेल्या असतात त्याचं कारण हेच. शेजारून ४४० व्होल्टची केबल गेली की तिची पन्नास हर्ट्झची घरघर दोन्ही तारांत सारखी उतरते, आणि फोन दोन तारांतला फरकच ऐकतो. सारखं ते वजा होतं. एक तार जमिनीला टेकली की समतोल बिघडतो आणि वजाबाकी पुरी होत नाही. उरलेली घरघर कानात.

गळती कुठं असेल हे बघायला दूर जावं लागलं नाही. काट्याच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी साचलेलं, आणि त्या पाण्यात इंटरकॉमची जंक्शन पेटी अर्धी बुडालेली. पंप लावायला सांगितलं. मेंटेनन्सचा पोरगा म्हणाला, ‘पंप दुसऱ्या शेडमधी गेला जी, दुपारी येईन.’ तोवर केबलमधली मोकळी जोडी शोधायला घेतली.

मोकळ्या जोडीवर मीटर लावला तर एसी ६० व्होल्ट! पोरगा दोन पावलं मागे सरला. जोडीला दोन्हीकडे काहीच जोडलेलं नव्हतं. लांब अंतर जाडजूड पॉवर केबलच्या शेजारून आल्यामुळे तिच्यात नुसता भास उतरलेला. रेझिस्टर लावला, साठचा शून्य झाला. इथंही तो रिकामाच व्होल्टेज. अर्थात हे ओळखायला आधी रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनीच लावायचा, हातानं चाचपायचं नाही. दरवेळी भासच असेल असं थोडंच आहे?

पेटीच्या वरून मोकळी जोडी फिरवली, घरघर गेली, ट्रक हलले. मी लिहून दिलं: खड्ड्यातलं पाणी काढा, पेटी वर उचलून बसवा. तात्पुरतं हा शब्द दोनदा अधोरेखित केला.

साडेबारा

एमआयडीसीच्या वळणावर चहाची टपरी. टपरीवाल्या भाऊंचं हे पूर्वी एसटीडी-पीसीओ होतं. पिवळी पाटी अजून मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली, तिच्यावर आता कांद्याचं पोतं.

त्या पीसीओचं मीटर कधी सुरू व्हायचं, हे पुष्कळांना माहीत नसेल. समोरच्यानं फोन उचलला की एक्स्चेंज लाइनची दिशा उलटवायचं: धनाची जागा ऋण घ्यायचं. मीटरमधलं सर्किट तो उलटा व्होल्टेज ओळखून पैसे मोजायला लागायचं. घंटी वाजत असताना पैसे पडायचे नाहीत. एखाद्या लाइनीवर ही उलटापालट मिळाली नाही की मीटर शून्यावर बसून राहायचं आणि पीसीओवाला रडकुंडीला यायचा. मग आम्ही जायचो, मीटर लावून दाखवायचो: हे अधिक पन्नास, हे उणे पन्नास.

घराघरांत डायलला छोटं कुलूप लावायची पद्धत होती तेही तेव्हाचंच. कुलूप डायलला लागायचं, हूकला नाही. डायल करतं काय? एका सेकंदाला दहा या वेगानं लाइन तोडतं-जोडतं. तेच काम बोटानं हूक टपटपवून होतं. पाचासाठी पाच टिचक्या. वडिलांनी चावी खिशात घालून ऑफिसला जायचं आणि पोरानं टिचक्या मारून मित्राला फोन लावायचा. बिल आलं की वडील आमच्यावर ओरडायचे, की तुमचं एक्स्चेंज चोर आहे. आम्हाला सगळं कळायचं. सांगायचो नाही.

दोन वाजता

कॉलनीत डब्याचा धंदा करणाऱ्या काकू. कारखान्यातल्या पोरांचे डबे, ऑर्डर सगळ्या मोबाइलवर वायफायनं. मॉडेम दिवसातून दहादा आपोआप बंद होऊन सुरू होतं.

‘हे डब्बं बदलूनच द्या आता, भाऊ. माह्या पोरानं तर सुई घालून मागचं बटणही दाबून पाह्यलं.’

ते बटण दाबल्याबद्दल मी पोराला आधी घेतलं बाजूला. रीसेटचं भोक हे औषध म्हणून वापरायचं नसतं. त्यानं कंपनीचं युजरनेम, पासवर्ड, व्हीपीआय-व्हीसीआयचे आकडे सगळं पुसलं जातं. बीएसएनएलच्या एडीएसएलला शून्य आणि पस्तीस लागतं. ते गेलं की डीएसएलचा दिवा स्थिर हिरवा आणि नेट नाहीच. मूळचा रोग एक, वर हा दुसरा.

मूळचा रोग अ‍ॅडॉप्टरमध्ये होता. पिन काढून मोजली, १२.३ व्होल्ट. छान. आता इंडिकेटरचा बल्ब त्याच पिनेला लावला. बल्ब लागला, पण पिवळट, आणि थरथरत. मीटर आठ पॉइंट सहावर. मॉडेम निवांत असताना कमी प्रवाह खातं, वायफायवर चार मोबाइल आले की जास्त. तेव्हा बारा व्होल्ट कोसळतो, मॉडेम झोपतं, झोपल्यावर लोड जातो, व्होल्टेज परत बारा होतो, मॉडेम जागं होतं. दिवसभर हाच खेळ. अ‍ॅडॉप्टर फोडला तर आतला कपॅसिटर डोक्यावर फुगलेला. सपाट असायला हवं ते टोक घुमटासारखं वर आलेलं आणि कडेनं तपकिरी चिकट ओघळ. काकूंचं मॉडेम गॅसच्या शेगडीच्या वरच्या फळीवर होतं. दिवसभर वाफ आणि उष्णता, कपॅसिटर किती दिवस टिकणार?

नवा अ‍ॅडॉप्टर घेताना व्होल्ट तोच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त, आणि पिनेचं धन आत की बाहेर हे दोन्हीवर छापलेलं चित्र जुळवून बघायचं. मॉडेम हॉलमध्ये हलवलं, सेटिंग भरली. काकूंनी पैशांबरोबर वांग्याची भाजी आणि दोन भाकरी डब्यात घालून दिल्या. जेवणाचा प्रश्न तिथंच सुटला.

साडेतीन

पुन्हा अंधारून आलं. टाकळघाटच्या बाजूला वीज चमकली आणि मी लाइनीचं काम थांबवलं. यावर माझी घासाघीस नसते. विदर्भात जूनमध्ये वीज माणसं नेते, टेलिफोनची तार तर तिला हात जोडून बोलावते.

लाइनमनला शॉकची सवय असते तो वेगळा: रिंगचा. घंटी वाजवायला एक्स्चेंज ४८ वर ७५ व्होल्टचा एसी चढवतं, २५ हर्ट्झचा. खांबावर एका हातानं धरून दातांनी वायर सोलायची जुन्या लोकांची रीत, आणि नेमका त्याच वेळी कुणाच्या तरी मावशीचा फोन यायचा. जबड्यापर्यंत झिणझिण्या. खालून कुणी विचारलं, ‘लाइन चालू झाली का?’ तर वरून शिवीच ऐकू यायची, म्हणजे झाली.

थांबलो होतो ते एका आजींच्या ओसरीवर. त्यांचीही तक्रार वहीत होतीच: रात्री कडाडल्यापासून नेट बंद. पाऊस उघडल्यावर आत गेलो. लाइन मोजली, ४९. लोडवर सोळा. स्प्लिटर ठीक. अ‍ॅडॉप्टरवर बल्ब लखलखीत. मॉडेमचे बाकी दिवे लागलेले, डीएसएलचा मात्र पापणीसुद्धा हलवत नाही. पिशवीतला जुना मॉडेम लावला, मिनिटभरात दिवा स्थिर.

‘मॉडेमच गेलं आहे, आजी.’

‘मी सकाळपासून फोनवर तेच सांगून राह्यली न बाबू!’

एक्स्चेंजच्या बाजूला प्रत्येक जोडीवर जीडी ट्यूब असते, वायू भरलेली बोटाच्या पेराएवढी नळी. व्होल्टेज फार चढला की ती पेटते आणि सगळं जमिनीत सोडते. घराच्या टोकाला बहुतेक ठिकाणी असं काही नसतं. मॉडेम एका बाजूनं टेलिफोनच्या तारेला, दुसऱ्या बाजूनं घरच्या लाइटीला जोडलेलं. विजेचा धक्का एकीकडून आला की दुसरीकडे जायला रस्ता मॉडेममधूनच. नुसता स्विच बंद करून भागत नाही, दोन्ही पिना उपसून ठेवायच्या. आजींना ते पटलं. लगेच टीव्हीची पिनही उपसली आणि नातवाची मालिका बुडाली.

पाच वाजता

फायबरचं घर. नव्या लेआउटमध्ये, दोन मजली. ओएनटीवर, म्हणजे फायबरच्या डब्यावर, एलओएसचा, म्हणजे सिग्नल नसल्याचा, लाल दिवा.

इथं माझा रेझिस्टर आणि बल्ब पिशवीतच राहतात. काचेच्या तारेत व्होल्टच नाही, उजेड आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. घराकडे येणारा १४९० नॅनोमीटरचा, जाणारा १३१०. काचेच्या टोकात डोळा घालून ‘येतो का’ असं बघणारे लोक मी पाहिलेत. तसं कधीही करू नये. पॉवर मीटर लावायचा.

भिंतीवरच्या पेटीत उणे २४ डीबीएम. उणे २७ पर्यंत यंत्र सहन करतं, म्हणजे काठावर पण चालण्याजोगं. ओएनटीजवळ मोजलं, उणे ३० च्याही खाली. मधे फक्त तीन मीटरची एक कॉर्ड. मालकांनी डबा हॉलमधून बेडरूममध्ये नेला होता आणि कॉर्ड स्वतः ऑनलाइन मागवली होती. बघतो तर एका टोकाला निळं कनेक्टर, भिंतीवरच्या हिरव्यात खुपसलेलं.

हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. बाहेरून खटकन बसतात, आत काच काचेला टेकत नाही. उजेड फटीत सांडतो. दोन्हीकडे हिरवं टोक असलेली कॉर्ड लावली, पुसायच्या कापडानं टोकं स्वच्छ केली. उणे २४.४. दिवा हिरवा.

‘एवढंच होतं?’ मालक जरा नाराजच झाले. एवढंच म्हटल्यावर पैसे द्यायला लोकांच्या जिवावर येतं, याचा अनुभव चांगला आहे. त्याच वेळी लाइट गेली आणि त्यांचा विषय बदलला. फायबरवरचा फोनही गेला. त्यांच्या वडिलांनी आतून विचारलं की पूर्वी तर लाइट गेली तरी फोन चालायचा. चालायचा, कारण पूर्वी तुमच्या फोनची बॅटरी एक्स्चेंज सांभाळायचं. आता ती तुम्ही सांभाळायची. ओएनटीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की दोन-तीन तास निघतात. घरात म्हातारं माणूस एकटं राहत असेल तर मी तो आग्रहानं लावायला सांगतो. घेताना अँपिअर बघून घ्या आणि मला बोलवा, बल्ब लावून बघू, एवढं सांगून निघालो.

पावणेसात

घरी. वहीत हिशेब लिहायला बसलो. घरांतून मॉडेमची तक्रार सगळ्यांचीच होती, खरं खराब निघालं ते आजींचं एकटीचं. नवीन मॉडेम विकून जास्त सुटतं हे मला कळतं. बायको तेच म्हणते. पण गुरुजींसारखं कुणी तिसरं मॉडेम घेऊन पुन्हा मलाच बोलावणार असेल, तर छज्ज्यावर पहिल्याच दिवशी चढलेलं बरं.

गुरुजींच्या मुलाचा पुण्याहून फोन आला, पाठवलेला मॉडेम परत करता येईल का म्हणून. तो माझा प्रांत नाही. तो ठेवतो तोच धरमकाट्यावरून दुसरा: घरघर पुन्हा सुरू झाली जी.

‘पंप आला का?’

‘नाही न. सकाळी येते म्हणे.’

‘पाणी किती वर आलं?’

‘तुम्ही जिथं जोडलं नं, तिथंवर.’

‘मग उद्या आधी पंप. आणि माझा गेटपास आठचा काढून ठेवा.’